बिनबुडाची पितळी भांडी, नग तीन

ट्रॉम्बोनला बटणं नसतात, भोकंही नसतात. एक लांब पितळी नळी दुसऱ्या नळीवर पुढेमागे सरकवायची आणि फुंकायचं, एवढंच. कोणत्या सुराला कुठे थांबायचं याची खूण नळीवर केलेली नसते. ते वाजवणाऱ्याच्या कानाला कळायचं असतं.

*

नगरच्या तोफखाना भागातल्या नळाला पाणी यायच्या आधी नळ खोकतो. यंदा तो नुसताच खोकतो.

*

मैफलीत सम कुठे येणार हे कळत नसेल तर तबलजीच्या मनगटाकडे बघावं. मनगट किंचित वर गेलं की मान हलवायला घ्यावी. मान खाली येईपर्यंत समही आलेली असते.

*

पितळेला चिंचेइतकं दुसरं काही मानवत नाही. आधी चिंच, मग राख, मग भरपूर पाणी.

*

चित्रकलेचे झावरे मास्तर गेल्या वर्षी फळ्यावर आंबा काढत होते. आंब्याचं देठ फळा सोडून भिंतीवर गेलं. मोतीबिंदू. संस्थेने त्यांना शाल आणि नारळ दिला. हल्ली ते मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीत बसतात आणि कोणाचा डबा कोणाला देतात त्यावरून भांडणं होतात.

*

खंडेनवमीला, ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याची पूजा करावी.

*

तर साल बहात्तर. श्रावण कोरडा गेला, भाद्रपदात ढग आले ते नगरवरून सरळ पुढे गेले, जणू इथे उतरायचं तिकीट त्यांच्याकडे नव्हतं. माणसं एकमेकांना भेटली की आधी आकाशाकडे बघत आणि मग एकमेकांकडे, आणि दोन्हीकडे सारखंच दिसे.

अशा साली सीनातीर विद्यालयाला ट्रॉम्बोन घ्यायचे होते.

यात शाळेचा दोष नव्हता. शाळेच्या बँडसाठी अनुदान मागून चार वर्षं झाली होती, आणि सरकारी अनुदान पावसासारखं असतं. ते आपल्या सोयीने येत नाही. शाळेत दोन जुनाट ट्रॉम्बोन होते. त्यांच्यावर शिकून शिकून मुलं अशा टप्प्याला आली होती की त्यांना नवशिकी म्हणता येत नव्हतं आणि शिकलेलीही म्हणवत नव्हतं. अनुदानाच्या पत्रात त्यांच्यासाठी नेमका शब्द होता: 'मध्यम प्रतीचे, विद्यार्थ्यांस योग्य.'

"भारी घेतले तरी ऑडिटवाला विचारणार, हलके घेतले तरी विचारणार," संस्थेचे चिटणीस आबासाहेब शिक्षकांच्या सभेत म्हणाले. आबासाहेबांची गुळाची अडत होती. ढेपेवर टिचकी मारून तिचा दर्जा सांगणारा माणूस. पण ट्रॉम्बोनवर टिचकी मारून काही कळेना. "मधला कोणता, ते छातीठोकपणे सांगणारा माणूस पाहिजे. कान असलेला."

सगळ्यांनी भूगोलाच्या राधाकृष्ण भापकरांकडे बघितलं.

भापकर हे तोफखान्यातले नावाजलेले कान होते. गणपतीतल्या मैफलीत ते पहिल्या रांगेत बसत, डोळे अर्धे मिटत, आणि त्यांची मान बरोबर समेवर पडे. गवई त्यांच्याकडे बघून गात. एकदा एका पाहुण्या गवयाने मैफल संपल्यावर त्यांना स्वतःच्या हाताने विडा दिला होता. गल्लीत रेडिओ घ्यायचा झाला तरी लोक भापकरांना दुकानात घेऊन जात.

आणि भापकरांना ऐकू येत नव्हतं.

अगदीच नाही असं नाही. पण एकोणसत्तर सालच्या गणपतीपासून ऐकणं हळूहळू चाललं होतं. आधी चिमण्या गेल्या. मग घड्याळाची टिकटिक. मग शेवटच्या बाकांवरची मुलं. मुलांचं त्यांना विशेष वाईट वाटलं नाही, चिमण्यांचं वाटलं. आता समोरचं माणूस तोंड दाखवून नीट बोललं तर त्यांना निम्मं ऐकू येई आणि निम्मं ते ओठांवरून भरून काढत. मैफलीत तर तबलजीचं मनगट असे. भूगोलाचंही निभत होतं, कारण भूगोलात मास्तरने बोलायचं असतं आणि नकाशाने गप्प राहायचं असतं. आपलं हे गुपित जगात कोणाला ठाऊक नाही, याची भापकरांना खात्री होती. आणि ज्या दिवशी ते आबासाहेबांना कळेल त्या दिवशी शाल-नारळ, हीही खात्री होती. भापकरांच्या मेव्हण्याची तर गिरणीही नव्हती.

नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार. भापकरांनी मान हलवली. ती समेवर पडली.

*

जकात नाक्यावरचा प्रसंग.

तीन ठिकाणांहून नमुने यायचे होते: पुण्याच्या एका दुकानातून एक, मुंबईच्या एका दुकानातून एक, आणि तिसरा नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतून. नागापूरला एक पंपाच्या नळ्या करणारा कारखाना होता. दुष्काळात विहिरींना पाणी नाही, पाणी नाही म्हणून पंप नाहीत, पंप नाहीत म्हणून नळ्या नाहीत. तेव्हा मालकाने पुण्याचा ट्रॉम्बोन समोर ठेवून त्याबरहुकूम आपला तयार केला. नळी ती नळी, त्यातून पाणी जावो की वारा, असं त्याचं म्हणणं.

पुण्या-मुंबईच्या पेट्या नाक्यावर अडल्या. शाळेचा शिपाई मच्छिंद्र त्या सोडवायला गेला. नाक्यावरच्या कारकुनाच्या तक्त्यात हार्मोनियम होती, तबला होता, ताशाही होता. ट्रॉम्बोन नव्हता.

"हे काय आहे?"

"वाजवायचं हाय, साहेब."

"वाजवून दाखव."

मच्छिंद्रने फुंकलं. काही झालं नाही.

"वाजत नाही म्हणजे वाद्य नाही," कारकून म्हणाला, आणि त्याने लिहिलं: 'पितळी भांडी, सुटी, बिनबुडाची, नग दोन.' पुढे नागापूरचा नमुना आला तेव्हा संस्थेच्या कार्यालयानेही एकसारखेपणा राखण्यासाठी त्याची नोंद तशीच केली. नग तीन.

शाळेची कोठी दुष्काळी मदतीच्या सुकडीच्या पोत्यांनी भरली होती. म्हणून तिन्ही नग तपासणीसाठी भापकरांच्या दोन खोल्यांत आले.

*

गल्लीचं म्हणणं, जसं मिळालं तसं:

"कल्हई करून घ्या भापकर, आतून. पितळेत तोंड घालणं बरं नाही." हे भिमाजी नाना. कोर्टातून निवृत्त झालेले, शेजारच्या खोलीत राहणारे. कोणत्याही वस्तूकडे ते जप्तीचा माल म्हणून बघत. "आणि पंचनामा केलात का? कुठे पोचा आहे, कुठे ओरखडा आहे, सगळं दोन साक्षीदारांसमोर. नाहीतर उद्या तुमच्या नावावर."

"पोचा नाही कुठे."

"नाही ना? मग तेच लिहा, पोचा नाही म्हणून. नसलेलं लिहून ठेवणं जास्त महत्त्वाचं असतं."

"आमच्या भाचीच्या लग्नात होतं असलं," समोरच्या रंगुबाई म्हणाल्या. "वाजवणाऱ्याने नळी पुढे सरकवली ती सरळ नवऱ्या मुलाच्या मामाच्या कानशिलात. अजून बोलणं नाही दोन घरांत."

"अहो, ते दारातून बाजूला घ्या आधी," मुक्ताबाई म्हणाल्या. या भापकरांच्या बायको. त्यांचा आवाज तोफखान्याला साजेसा होता. त्या आत बोलल्या की बाहेर रस्त्यावरचा सायकलवाला उतरे. "मी तिसऱ्यांदा अडखळले. पडले असते तर त्या नळीत जाऊन बसले असते."

*

तपासणी.

पुण्याच्या पेटीत एक छापील कागद होता. ट्रॉम्बोनची परीक्षा कशी करावी, ते त्यात लिहिलं होतं. भापकरांनी तो वाचला आणि त्यांना बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं. त्यातलं पाऊण काम हाताने करायचं होतं.

वाद्य उभं धरायचं आणि सरकती नळी सोडून द्यायची. ती कुठेही न अडता, न रेंगाळता खाली आली पाहिजे. मग आतल्या नळीचं तोंड अंगठ्याने बंद करून बाहेरची नळी ओढायची. नळ्या घट्ट बसणाऱ्या असतील तर अंगठा आत ओढला जातो. वारा गळत असेल तर अंगठ्याला काहीच कळत नाही. मग कर्ण्याच्या कडेवरून बोट फिरवायचं. मग जोड बघायचे. यातल्या कशालाही कान लागत नव्हता.

जोड बघण्यासाठी मात्र भापकरांनी स्वतःची पद्धत काढली. भूगोलाच्या माणसाला गळती म्हटली की पाणी आठवतं. त्यांनी नळीत पाणी भरलं.

हे त्यांनी ओट्यावर, दिवसाढवळ्या, प्यायच्या पिंपातलं तांब्याने घेऊन केलं. पहिला तांब्या गेला तेव्हा गल्लीत दोन माणसं होती. तिसरा गेला तेव्हा सगळी गल्ली होती.

"टँकरमागं पळून पळून पायाला फोड आले आमच्या," घरोघरी भांडी घासणाऱ्या बायडाबाई म्हणाल्या, "आन् मास्तर पितळाला आंगूळ घालून ऱ्हायलेत."

"शास्त्रीय तपासणी आहे," भापकर म्हणाले.

"व्हय, व्हय. आमचीबी करा शास्त्रीय. एक हंडा द्या."

नाक्याचा टँकर त्या दिवशी आलाच नव्हता. पुढे काय होणार हे भिमाजी नानांनी आधी ओळखलं आणि बादली पुढे केली. तिन्ही ट्रॉम्बोनमधलं पाणी त्या बादलीत ओतून घेण्यात आलं आणि वाटून देण्यात आलं. त्याचा चहा झाला. चहाला जी चव होती तिचं वर्णन रंगुबाईंनी पुढे कित्येक दिवस केलं. जोड तपासायचे राहून गेले ते गेलेच.

मग फुंकून बघणं. ते भापकर दुपारी, दार लावून करत. ओठ आवळून फुंकलं की आवाज कानात येत नसे; तो दातांत येई. दातांतून जबड्यात, जबड्यातून कानामागच्या हाडात. तिथे, हाडात, एक लांब, जाड, गंभीर सूर उभा राही. तीन वर्षांत भापकरांना इतकं स्पष्ट काही ऐकू आलं नव्हतं. ते नळी सरकवत आणि सूर हाडातल्या हाडात खाली उतरे. दुपारभर ते फुंकत राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते फुंकण्याच्या श्रमाने, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

बाहेर गल्लीने चौकशी केली. गुरांच्या छावणीतली म्हैस सुटून इकडे आली आहे आणि ती अडली आहे, असं एक मत होतं. भिमाजी नाना काठी घेऊन म्हैस शोधायला गेले आणि परत येऊन म्हणाले, "भापकर, ती म्हैस तुमच्या घरात आहे."

पण निर्णय झाला होता, आणि तो खरा होता. पुण्याचा फार चांगला: नळी तुपासारखी, अंगठा ओढून घेणारी, तो लष्कराच्या बँडला शोभला असता. नागापूरचा म्हणजे पंप. मुंबईचा मधला. नळी जरा रेंगाळते पण अडत नाही, अंगठ्याला ओढ कळते पण दुखत नाही. मध्यम. भापकरांनी तिन्हींवर चिठ्ठ्या डिंकाने चिकटवल्या होत्या: पुणे, मुंबई, नागापूर. कितीतरी दिवसांनी त्यांनी एखादी गोष्ट अंदाजाने नव्हे, तर स्वतः जाणून ठरवली होती. आबासाहेबांसमोर चाचणी दसऱ्यानंतर होती. तिथे काय वाजतं याच्याशी आता कर्तव्य नव्हतं. डोळे मिटायचे, मान हलवायची आणि मुंबईच्या चिठ्ठीकडे बोट करायचं.

*

दसऱ्याआधी घरातलं पितळ निघतं. समई, घागर, तांबे, परात, देवाची घंटा. मुक्ताबाई रेशनच्या रांगेत गेल्या होत्या. जाताना बायडाबाईंना सांगून गेल्या: सगळं पितळ घासून ठेवा.

भापकर शाळेतून आले तेव्हा ओट्यावर तीन ट्रॉम्बोन उन्हात पालथे घातले होते, घागरीच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला दोन. इतके लखलखत होते की भापकरांनी डोळ्यांवर हात धरला. त्यांच्यावर कारखान्यातून आलेला पिवळा मुलामा नव्हता. चिठ्ठ्या नव्हत्या.

"बायडाबाई, हे काय केलंत?"

"काय म्हंजी? घासलं. पितळ हाय ना? सनाला काळं ठिवायचं व्हय?"

"अहो, ते भांडं नाहीये."

"मग काय हाय?"

भापकर जकात नाक्यावरच्या कारकुनापेक्षा अधिक काही सांगू शकले नाहीत. त्यांनी एक ट्रॉम्बोन उचलला आणि नळी सरकवली. हाताला वाळू सांडलेल्या पाट्यावर वरवंटा फिरवल्यासारखं लागलं.

"आत काय घातलंत?"

"राख. हात जाईना आत. काडीला फडकं गुंडाळून घातली. त्यापरीस हंडा परवडला बगा."

"आणि धुतलं नाही?"

"पानी कुठाय धुवायला?" बायडाबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमी वतलं ना समदं त्या दिशी."

भापकर एकेक नळी सरकवून बघत राहिले. तिन्ही सारख्याच खरखरत होत्या. अंगठा तिन्हींत सारखाच कोरडा राहत होता. पुणे, मुंबई, नागापूर, तिघांनाही बायडाबाईंनी एकाच प्रतीचं करून सोडलं होतं. चाचणी पार पडेपर्यंत तरी गप्प बसणं भाग होतं. शाळेचा माल घरात बिघडला हे कळलं असतं तर आबासाहेबांनी भापकरांना बोलावून घेतलं असतं, समोर बसवून खोदखोदून विचारलं असतं, आणि आबासाहेबांच्या मिशा अशा होत्या की त्यांच्या ओठांवरून एक अक्षर वाचता येत नसे.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मुक्ताबाईंनी पाटावर भापकरांची छडी, पृथ्वीचा गोल, आणि मागे तिन्ही ट्रॉम्बोन मांडले.

"यांची कशाला?"

"आता यांच्यावरच आहे ना सगळं," मुक्ताबाई सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, आणि त्यांनी कर्ण्यांवर कुंकवाची बोटं ओढली, झेंडू वाहिला, अक्षता टाकल्या, सुपारी ठेवली. भापकरांनी हात जोडले. एरवी ते पूजेत डोळे मिटत नसत, या वेळी मिटले.

*

चाचणी.

शाळेचं पटांगण. एका बाजूला सुकडीची पोती आणि फाटकाशी सुकडीसाठी उभ्या असलेल्या बायांची रांग. दुसऱ्या बाजूला टेबल, टेबलावर तीन नग. आबासाहेब मधल्या खुर्चीत. वाजवायला बन्सी बँडवाला आला होता. लग्नाचा बँड त्याचा. लाल कोट, खांद्यांवर सोनेरी झालर. यंदा लग्नंच नसल्याने कोट आतून रिकामा पडला होता आणि झालर खाली ओघळली होती.

भापकरांची नवी युक्ती अशी होती: ऐकणाऱ्यांच्या तोंडाकडे बघायचं. चांगलं वाजलं की माणसाचं तोंड सैल पडतं, वाईट वाजलं की आवळतं. मधलं वाजलं तर मधलं. मैफलीत त्यांनी हे पारखून घेतलं होतं.

बन्सीने पहिला उचलला, नळीवर थुंकला, हिसडा देऊन सरकवली आणि फुंकला. भापकरांनी तोंडं बघितली. मुख्याध्यापकांचं तोंड ओढलेलं होतं. मच्छिंद्रचं ओढलेलं होतं. फाटकातल्या बायांची ओढलेली होती. मग त्यांच्या लक्षात आलं की या सगळ्यांची तोंडं आषाढापासून अशीच आहेत. दुष्काळात तोंडावरून सूर ओळखता येत नाही.

आता मनगटही नाही, चिठ्ठीही नाही, तोंडंही नाहीत. उरलं काय, तर इभ्रत. भापकरांनी ठरवलं, दुसरा तो मधला. क्रमाने तरी मधला.

बन्सीने दुसरा उचलला. गाल फुगवले. मान फुगली, कपाळावरची शीर उठली, डोळे बाहेर आले. भापकरांनी मैफलीतले डोळे मिटले. लांबलेली एक फुंक होईल इतका वेळ जाऊ दिला. मान हळूच वर घेतली आणि खाली सोडली.

"वा," ते म्हणाले. "हाच. याच्यात उगाच दिखावा नाही. विद्यार्थ्याला एवढं पुरे. हा मध्यम."

डोळे उघडले तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघत होते. बन्सी अजून फुंकत होता. मग तो थांबला, ट्रॉम्बोनकडे बघितलं, कर्णा खाली करून जोरात झटकला. कर्ण्यातून एक सुपारी पडली आणि घरंगळत टेबलाच्या पायाशी गेली.

तो वाजलाच नव्हता.

हे भापकरांना कळलं ते सुपारीवरून. झावरे मास्तरांचा आंबा त्यांना दिसला, देठ भिंतीवर गेलेला. त्यांनी आबासाहेबांकडे बघितलं. आबासाहेबांच्या मिशा थरथरत होत्या. मग खांदे. मग पोट. आबासाहेब हसत होते. मुख्याध्यापक हसले, कारण आबासाहेब हसत होते. मच्छिंद्र हसला, आणि फाटकातल्या बाया, ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं, त्यासुद्धा तोंडाला पदर लावून हसल्या. त्या साली त्या पटांगणात तेवढं एकदाच हसणं झालं.

आबासाहेब उठून जवळ आले, भापकरांच्या पाठीवर थाप मारली आणि अगदी कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाले, "मानलं तुम्हाला, भापकर. पोरांच्या हातात न वाजणाराच द्यावा. लाख बोललात. साल कसलं, वेळ कसली, आणि आम्ही बाजे वाजवायला निघालो. टोला बरोबर बसला आम्हाला."

भापकर हसले. काय हसायचं ते ओठांवरून कळलं नव्हतं, पण हसायचं आहे एवढं कळलं होतं.

टोला बसला तरी अनुदान परत करायची पद्धत नाही. मागणी नोंदवायची वेळ आली तेव्हा निवडलेला ट्रॉम्बोन कोणाचा, हे कोणालाच सांगता येईना. तिन्ही दुकानदारांनी तो आपलाच असल्याचं कळवलं. बाकीचे दोन कोणाचे, यावर तिघांनीही काही कळवलं नाही. शेवटी संस्थेने सहा ट्रॉम्बोन घ्यायचे ते प्रत्येकाकडून दोन घेतले. दोन चांगले, दोन बरे, दोन पंप. सरासरी मध्यम. ऑडिटला हरकत घेता आली नाही.

*

पटांगण रिकामं झाल्यावर भापकर सुकडीच्या पोत्यांशी उभे होते. बन्सी समोर येऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली होती.

"मास्तर, मी मागनं लई हाका मारल्या तुमाला."

"विचारात होतो."

"व्हय." बन्सीने लाल कोटाच्या बाहीने तोंड पुसलं. मग तो सावकाश, ओठ नीट उघडून बोलू लागला, आणि त्या सावकाश बोलण्यानेच भापकरांना कळलं की संपलं. "आमच्या बाचे कानबी असंच गेले. उभी हयात ढोलापाशी उभा ऱ्हायला. मागाहून आमी वाजवायचो आन् त्यो आमच्या पाठीवर तळवा ठिवून बगायचा, ताल बराबर हाय का न्हाई."

भापकरांनी एकदा फाटकाकडे बघून घेतलं.

"म्या कुनाला सांगनार न्हाई. माझ्या बाची आन. पर यंदा एक तीथ न्हाई लग्नाची. बँडातली मानसं दुस्काळी कामावर खडी फोडाया गेली. मलाबी जावं लागंल. पोरास्नी शिकवाया शाळंला कुनीतरी लागनारच ना?"

यात धमकी नव्हती. असती तर भापकरांना रागावता तरी आलं असतं.

त्यांनी शिफारस केली. भापकरांच्या कानाचा आबासाहेबांवर एवढा पगडा बसला होता की बन्सीची नेमणूक त्याच आठवड्यात झाली आणि बँडची देखरेख भापकरांकडे आली. रोज शेवटच्या तासाला सहा ट्रॉम्बोन एकदम सुरू होत. शेजारच्या वर्गाच्या खिडक्या बंद होत, मुख्याध्यापक कानात कापूस घालून बसत, मच्छिंद्र घंटा द्यायच्या निमित्ताने फाटकापर्यंत जाऊन येई. एकटे भापकर मुलांच्या समोर बाकावर बसून राहत, दोन्ही तळवे बाकाच्या फळीवर टेकवून. फळी थरथरे. वर्षअखेर आबासाहेबांनी त्यांच्या गोपनीय अहवालात लिहिलं: 'सहनशक्ती उत्तम. इतर सर्व मध्यम.'

बन्सीने शब्द पाळला. कोणाला सांगितलं नाही, काही मागितलंही नाही. सुरुवातीला तो भापकरांशी तोंड समोर ठेवून बोलायचा. मग कामाच्या गडबडीत त्याचा विसर पडला. तो नळीवर पाणी शिंपडता शिंपडता, मुलांकडे बघत, भलतीकडे तोंड करून काहीतरी म्हणे, आणि भापकर म्हणत, हो. ते कशाला हो म्हणत होते हे त्यांना ठाऊक नव्हतं. तीन मुलं बँडमधून गेली आणि दोन नवी आली, ते बहुधा एका 'हो'मुळे. सराव रविवारीही होऊ लागला, तो दुसऱ्या. नाही म्हणून बघावं असं त्यांना एकदोनदा वाटलं. पण नाही म्हटलं की माणूस विचारतो, का.

*

लग्न होऊन नगरला आल्या तेव्हा मुक्ताबाई इतक्या हळू बोलत की सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगितलं होतं, मुलगी गुणी आहे, पण बहुतेक मुकी आहे. त्यांचा आवाज चढला तो एकोणसत्तर सालापासून.